धुतलेली बरणी

"बाबा, ओळखू येतेय का बघा तुमची खोली!" जावयाने ओल्या कोपराने दार ढकललं आणि तो अभिमानाने बाजूला झाला.

बेकरीवाला उंबऱ्यातच थबकला. खोली खरोखर ओळखू येत नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षं साचलेलं पीठ नाहीसं झालं होतं. कणीक तिंबायची लांब लाकडी पेटी घासून घासून पांढरीफटक पडली होती आणि तिला सोड्याचा वास येत होता. पावाचे साचे एकावर एक चढवून ठेवले होते. आणि खिडकीत, दुपारच्या उन्हात, चिनी मातीची ती मोठी बरणी पालथी घातली होती. तिच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.

"ह्या बरणीत काहीतरी होतं," बेकरीवाला म्हणाला. आवाज इतका हळू निघाला की त्याचा त्यालाच परका वाटला.

"काहीतरी? अहो बाबा, आंबून सडलेलं पीठ होतं! वर काळपट पाणी साचलेलं. फडकं सोडलं तर असा भपकारा आला म्हणता! कुणीतरी ठेवून विसरलं असणार. सगळं मोरीत ओतलं आणि मागून दोन बादल्या उकळतं पाणी मारलं. पेटीच्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. आता बघा बरणीत, तोंड दिसतंय."

बेकरीवाल्याच्या मागे त्याची बायको उभी होती. कालच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज पट्टी बदलून दोघं दवाखान्यातून परतले होते, म्हणून तर बेकरी बंद होती. एक डोळा झाकलेला होता, पण उरलेल्या एका डोळ्याने तिला सगळं दिसलं. तिने भिंतीचा आधार घेतला.

ते सडलेलं पीठ नव्हतं. ते खमीर होतं. बेकरीवाल्याच्या आजोबांनी लावलेलं, वडिलांनी जपलेलं आणि त्याने स्वतः रोज न चुकता पीठपाणी घालून जिवंत ठेवलेलं. त्यातला गोळा संध्याकाळी कणकेत जायचा आणि पहाटे पाव टम्म फुगायचा. गावात बेकऱ्या आणखीही होत्या, पण ह्या पावाची ती किंचित आंबूस, भाजल्या दाण्यासारखी चव दुसऱ्या कुठल्या पावाला नव्हती. लग्नानंतर तो बायकोला घेऊन बाहेरगावी गेला होता, तेव्हा ही बरणी मांडीवर घेऊन बसला होता. "नवी नवरी खिडकीशी आणि सवत ह्यांच्या मांडीवर," असं बायको अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

आता बरणी नवीन आणल्यासारखी लखलखत होती.

गल्लीत बेकरीवाल्याला पाठीमागे 'भडका' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. पाव अंगठ्याने दाबून बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्याने पावासकट रस्त्यावर काढलं होतं. मैद्याच्या व्यापाऱ्याशी त्याचं असं काही वाजलं होतं की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला बाहेर आला होता. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचा, आणि सोमवारी गल्लीतही सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचाच. राग उतरला की तो लहान मुलासारखा हिरमुसून बसायचा, गिऱ्हाइकाच्या घरी पाव पोचता करायचा, बायकोच्या मागेमागे फिरायचा. पण तोवर जे फुटायचं ते फुटलेलं असायचं.

चार वर्षांपूर्वी असंच एकदा फुटलं. हा जावई तेव्हा जावई नव्हता, बेकरीची गाडी चालवायचा. लेकीने एका सकाळी समोर येऊन सांगितलं की आम्ही दोघं लग्न करणार आहोत. तो पोरगाही शेजारी उभा होता, टोपी हातात धरून. बेकरीवाल्याच्या हातात तेव्हा लोखंडी ट्रे होता. तो कधी सुटला हे त्याला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. पोराच्या भुवईतून रक्त भळाभळा वाहिलेलं मात्र आठवत होतं, आणि लेकीचा चेहरा. ती रडली नाही. तिने ओढणीने त्याची भुवई दाबून धरली आणि म्हणाली, "चल." त्याच पावली दोघं गेली.

त्यानंतर एक दिवस बेकरीवाला चर्चच्या पाळकांच्या घरी जाऊन बसला होता. पाळक म्हातारे, कानाने कमी. त्यांच्याशी गुपित बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे.

"साहेब, माझा स्वभावच तसा आहे. देवानेच बनवलाय."

"देवाच्या नावावर नको खपवूस," पाळक म्हणाले. "राग दाराशी येणारच. माझ्याही येतो. पण आत घेऊन, खुर्ची देऊन, बस रे बाबा म्हणणारा तूच ना?"

"मग करू काय?"

"दार लाव. आणि लावायची ताकद नसली तर जो लावू शकतो त्याला हाक मार. मोठ्याने मारली तरी चालेल, तुला सवय आहे."

तेव्हापासून तो झगडत होता. कधी जिंकायचा, पुष्कळदा हरायचा. तोंडावर आलेला शब्द गिळला की दिवसभर हलकं वाटे, आणि दुसऱ्याच दिवशी पीठ सांडणाऱ्या हमालावर तो असा घसरे की आदल्या दिवसाचं सगळं पुण्य धुऊन निघे. तरी बायको म्हणायची, "पूर्वी तुम्ही रोज पडायचात. आता मधून मधून उभे दिसता."

आणि आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून लेक ह्या आठवड्यात पहिल्यांदा घरी आली होती. नवऱ्याला आणि छोट्या मुलीला घेऊन. घरात सगळे काचेच्या भांड्यांमधून चालल्यासारखे वावरत होते. सासराजावयांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'पाऊस येईल बहुतेक' ह्याच्या पुढे गेलेलं नव्हतं. सासऱ्याला खूश करावं म्हणून बिचारा सकाळपासून बाह्या सारून खोली घासत बसला होता.

बेकरीवाला खिडकीपाशी गेला. त्याने बरणी दोन्ही हातांनी उचलली. रिकामी असूनही ती चांगली जड होती. आत त्याने नाक घातलं. साबण. नुसता साबणाचा वास.

त्याच्या कानांत रक्त घणघणू लागलं. मानेची शीर ताठली. तो बरणी घेऊन वळला.

आणि त्याने पाहिलं, जावयाचा हात झटकन वर गेला होता. भुवईवर. त्या पांढऱ्या व्रणावर. पोराला स्वतःला ते कळलंही नसेल. चेहऱ्यावर अजून अर्धवट हसू होतं. माडीवरून लेक खाली येत होती. मुलीला निजवायला ती वर गेली होती, मुलगी झोपलीच नाही म्हणून तिला कडेवर घेऊन परतत होती. तिने बरणी पाहिली, मोरी पाहिली, बापाचा चेहरा पाहिला. ह्या घरात वाढलेली ती, तिला एका शब्दाचीही गरज लागली नाही. तिने मुलीचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, नको."

बेकरीवाल्याने बरणी खाली ठेवली. ठेवताना ती पेटीवर खडखडली. मग तो कुणाकडेही न बघता शेजारच्या पिठाच्या कोठीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

कोठीत अंधार होता, मैद्याच्या पोत्यांचा कोरडा वास होता. तो एका पोत्यावर बसला आणि त्याने तोंडात मूठ कोंबली.

ह्या खेपेला अडचण अशी होती की तो बरोबर होता. पूर्वी रागावताना आपलं काहीतरी चुकतंय ही एक बारीक टोचणी आत कुठेतरी असायची. आज ती नव्हती. आज जो ऐकेल तो म्हणेल, बाबा रे, तुझ्या जागी मी असतो तर चामडी लोळवली असती. आजोबांचा घाम, बापाचा घाम, त्याच्या स्वतःच्या साऱ्या पहाटा मोरीतून वाहून गेल्या होत्या. एक वाक्य, फक्त एकच वाक्य बोलायचा हक्क त्याला नाही? ते वाक्य तयारही होतं. जिभेवर खडीसाखरेसारखं विरघळत होतं. 'आधी माझी पोरगी नेलीस, आता हेही घालवलंस.' किती नेमकं वाक्य! पोरगा आयुष्यभर विसरला नसता.

तो उठला. हात कडीवर गेला.

मग त्याला पुन्हा तो वर गेलेला हात दिसला. आपण नुसतं वळलो आणि एका धडधाकट माणसाने भुवई झाकली. कडेवरच्या मुलीने अजून आजोबाला धड ओळखलंही नव्हतं, आणि तिचं डोकं मात्र आजोबापासून लपवावं लागलं होतं.

"प्रभू," तो म्हणाला. पाळकांनी सांगितलं होतं तसं मोठ्याने म्हणायला तो गेला, पण आवाज फुटला नाही. "प्रभू, मी बरोबर आहे रे. तरी मला धर. बरोबर आहे म्हणूनच धर. हे दार मला लावता येत नाहीये."

कडीवरचा हात त्याने दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला. राग गेला नाही. अंगातून ताप उतरावा तसा काही तो उतरला नाही. लाट यायची, छातीपर्यंत चढायची, वाक्य पुन्हा जिभेवर यायचं, आणि तो पुन्हा म्हणायचा, "धर." पोत्याला पाठ टेकून तो घामाने भिजला. कणकेची अख्खी पेटी तिंबली तरी इतका दमत नसे. आणि त्या दमण्यातच केव्हातरी एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ह्या पोराला खमीर म्हणजे काय ते कळणार तरी कसं? दोन वर्षं गाडीवर होता. आतल्या खोलीत त्याला पाऊल टाकू दिलं नाही कोणी? मीच. 'गाडीवाल्याने गाडी बघावी,' असं म्हणणारा कोण? मीच.

पुन्हा लाट आली. पण ह्या वेळी ती गुडघ्यांच्या वर चढली नाही. वाक्य जिभेवर शोधलं तर त्याला गोडी उरली नव्हती.

त्याला हसूच आलं. अंधारात, एकट्याला, घामाने निथळत असताना आलेलं ते हसू त्याला इतकं अनोळखी वाटलं की त्याने कान देऊन ऐकलं, आपणच हसतोय ना.

बाहेर मायलेकी तशाच उभ्या होत्या. जावयाला आता लेकीने सांगितलेलं दिसत होतं. तो मोरीपाशी उकिडवा बसून जाळी उचकटत होता, कोपरापर्यंत हात पाइपात घालून.

"काय करतोयस?" बेकरीवाल्याने विचारलं.

"थोडं तरी चिकटून असेल बाबा. कडेला कुठेतरी..." पोराचे डोळे लाल झाले होते.

"उकळतं पाणी मारलंस ना? मेलं ते. ऊठ."

"मी... मला खरंच..."

"ऊठ म्हणतो ना." मग स्वतःचाच आवाज ऐकून बेकरीवाला थांबला, आणि दुसऱ्यांदा हलक्याने म्हणाला, "ऊठ, बाबा."

जावई उठला. बेकरीवाला त्याच्यासमोर गेला. कपडे, केस, भुवया मैद्याने माखलेल्या. घामाचे ओघळ त्यातून वाट काढत आलेले. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं.

"खोटं नाही बोलणार," तो म्हणाला. "फार मोठी गोष्ट गेली. माझ्या आजोबांच्या हातची. मला आतून तुटल्यासारखं होतंय, आणि आणखी बरेच दिवस होईल. पण ते खमीर होतं. पीठ आणि पाणी. हे," त्याने बोट वर केलं आणि त्या पांढऱ्या व्रणापासून जरा दूरच थांबवलं, "हे पीठपाणी नाही. हे मी केलंय. चार वर्षं झाली आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की माझं चुकलं. तू भुवईवर टाके घेऊन माझ्या पोरीचा संसार केलास, आणि मी इथे वाट बघत बसलो, की तूच येऊन काही बोलशील. माझं चुकलं. मला क्षमा कर."

 जावयाच्या ओल्या हातातून पाणी टपकत होतं. मग त्याने तो घाण हात तसाच पुढे केला, लक्षात येऊन मागे घेतला, आणि बेकरीवाल्याने तो मागे जाता जाता पकडला.

"अहो, मोरीचा हात आहे तो," बायको म्हणाली. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं. दुसऱ्याला डॉक्टरांनी रडायची बंदी केली होती. "निदान धुवू तरी द्या!"

तेव्हा लेक हसली. हसता हसता खाली पायरीवरच बसली आणि मुलीच्या केसांत तोंड खुपसून रडली. मुलीने पिठाने माखलेल्या आजोबाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण?"

"मी का? मी पाववाला," बेकरीवाला म्हणाला.

नवं खमीर जावयाने लावलं, त्यासाठी तिघांचा मुक्काम वाढला. बेकरीवाला शेजारी स्टुलावर बसून सांगायचा आणि पोरगा करायचा. पीठ किती, पाणी किती कोमट, फडकं कसं सैल बांधायचं. सांगताना जीभ आवरणं ही रोजची परीक्षाच होती. पोराच्या हाताला घाई फार. एकदा त्याने इतकं गरम पाणी घेतलं की बेकरीवाल्याच्या तोंडून "गाढ..." एवढं निघून गेलं.

"गाढ काय?" जावयाने विचारलं.

"गाढ झोपेल ते असल्या पाण्याने. थंड कर थोडं."

दोघंही मनसोक्त हसले. बायकोने आतून विचारलं, काय झालं, तर कुणालाच सांगता येईना.

नवं खमीर उमलायला वेळ घेत होतं. तोवर बाजारच्या यीस्टचा पाव निघत होता आणि गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी होत होती. रोज सकाळी एक निवृत्त शिक्षिका यायच्या. साऱ्या गल्लीच्या चुका काढायची त्यांची सवय निवृत्त झाली नव्हती.

"हा तुमचा पाव नाही," भर दुकानात त्या म्हणाल्या. "कापूस आहे. काय झालंय? कुणी केलाय हा?"

दुकानात चारपाच माणसं उभी होती. मागच्या खोलीत साच्यांचा खडखडाट एकदम थांबला. बेकरीवाल्याला कळलं, तो पोरगा दाराआड उभा राहून ऐकतोय. एक नाव घेतलं असतं तर दुकानाची अब्रू राहिली असती. रागानेसुद्धा नाही, सहज, खांदे उडवून घेता आलं असतं.

"खमीर गेलं, बाई," तो म्हणाला. "नवं लावलंय. माझ्या दुकानातला पाव म्हणजे माझ्याच हातचा. थोडे दिवस कापूस खावा लागेल. नको असेल तर समोरच्या गल्लीत चांगला मिळतो, मी सांगितलं म्हणून सांगा."

शिक्षिकाबाई बघतच राहिल्या. पाव दाबणाऱ्याला रस्त्यावर काढणारा माणूस तो हाच का, असं त्यांना झालं असावं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि जावई कणकेच्या हातांनी बाहेर आला.

"मी ओतलं ते मोरीत, बाई," तो मान वर करून म्हणाला. "चुकून. नवंही मीच लावतोय."

"आणि हे तुम्हाला काहीच बोलले नाहीत?"

"बोलले ना. माफी मागितली त्यांनी माझी."

बाईंनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुकाट्याने नेहमीपेक्षा एक पाव जास्त घेतला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीत एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची. त्यासाठी लागणारी भाकर दर वेळी बेकरीवालाच भाजून द्यायचा. ट्रे सुटला त्या दिवसानंतरही त्याने ती कधी चुकवली नव्हती. पण भांडण मिटवल्याशिवाय ती घेऊ नये म्हणून स्वतः मात्र तो तिच्यापाशी जात नसे. मंडळी रांगेने पुढे जात आणि तो मागच्या बाकावर, खांबाआड, बुटांकडे बघत बसून राही. पाळकांनी एकदोनदा नजरेने बोलावलं होतं. जबरदस्ती केली नव्हती.

ह्या रविवारची भाकर नव्या खमिराची पहिली होती. कणीक जावयाने तिंबली, भाजली बेकरीवाल्याने. फुगली बेताचीच. कवच मात्र असं टणक झालं होतं की म्हाताऱ्या पाळकांनी मोडायला हातात घेतली ती मोडेचना. त्यांनी एकदा ओढली, दोनदा ओढली. पुढच्या बाकांवर खसखस पिकली. शेवटी कडकन आवाज झाला आणि भाकर दुभंगली, कपचे उडाले. पाळकही हसले.

बेकरीवाला खांबाआडून उठला. त्याच्या बाकावर आज लेक होती, बायको होती, मांडीवर नात होती. जावई आधीच बाहेर येऊन वाटेत उभा होता, सासऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठी. बेकरीवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे घातलं. चर्चमधल्या पुष्कळ माना वळल्या. गाणं चालू होतं, आणि चालता चालता तोही गाऊ लागला. खणखणीत, सगळ्यांच्या वर.

पाळकांनी त्याच्या तळव्यावर तुकडा ठेवला. कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजतात तेव्हा सगळ्या चर्चला ऐकू जातं. "ये," ते म्हणाले. "ये रे ये."

त्याने तुकडा तोंडात घातला. पहिल्याच घासाला त्याच्या जिभेला कळलं, पोरगा मीठ घालायला विसरला होता.

शेजारी जावई डोळे मिटून उभा होता. बेकरीवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग सावकाश, गिळायची मुळीच घाई नसल्यासारखा, तो चावत राहिला.